‘फाइल फक्त वर्डमध्येच पाठवावी’ असं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

पत्रास कारण, तुमच्या सूचनांमधली एक ओळ. ‘अर्ज फक्त वर्ड फाइलमध्येच पाठवावा, अन्य स्वरूपातील फाइल स्वीकारली जाणार नाही.’ नियतकालिकाचे संपादक असोत, परिषदेचे आयोजक असोत की भरती करणारं कार्यालय, ही ओळ सगळीकडे जशीच्या तशी भेटते. कुणीतरी कधीतरी एकदा लिहिली आणि मग ती या सूचनापत्रकातून त्या सूचनापत्रकात चिकटत गेली, असा माझा दाट संशय आहे. म्हणून हे पत्र कुणा एकाच्या नावाने नाही. ही ओळ ज्यांच्या कागदावर आहे त्यांनी ते आपलंच समजावं.

मी भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. दिवसातले आठ-नऊ तास माझ्यासमोर रायटर उघडा असतो. लिबरऑफिस नावाच्या मोफत, ओपन सोर्स संचात वर्डचं काम करणारा भाग तो रायटर. एक्सेलच्या जागी कॅल्क, पॉवरपॉइंटच्या जागी इम्प्रेस. माझी पुस्तकं, बिलं, करारनामे सगळं त्यातच होतं. मला त्याचा प्रचार करायचा नाही, तुमच्या संगणकावर ते टाका असंही म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मी कशात लिहावं हे तुम्ही ठरवू नये, आणि ते ठरवायची तुम्हाला गरजही नाही.

आता घडलं ते सांगते. एका संस्थेचा चार पानी अर्ज मी उतरवून घेतला. रायटरमध्ये उघडला तर ‘जन्मतारीख’ हा शब्द खालच्या ओळीत घसरलेला, सहीची चौकट आणखी एक पान पुढे, आणि चार पानांची पाच पानं झालेली. जमेल तसा नीट केला, भरला, पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘आपली फाइल बिघडलेली आहे. कृपया योग्य सॉफ्टवेअर वापरून पुन्हा पाठवावी.’

त्यातला ‘योग्य’ हा शब्द मला लागला. मुद्रितशोधकाला शब्द लागतात, इलाज नाही.

मग मी तोच कोरा अर्ज परत उघडला आणि कंट्रोल-एफ१० दाबलं. एरवी न दिसणाऱ्या खुणा त्याने दिसायला लागतात: प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका, टॅबच्या जागी बाण, एंटरच्या जागी परिच्छेदाची खूण. ‘नाव’ आणि ‘जन्मतारीख’ यांच्यामध्ये ठिपक्यांची मुंग्यांसारखी रांग होती. मोजले, त्रेचाळीस. सही पुढच्या पानावर जावी म्हणून ज्याने कुणी अर्ज केला त्याने अकरा वेळा एंटर मारला होता. भरायच्या रेघा म्हणजे एकामागोमाग एक दाबलेले अंडरस्कोअर, काही ठिकाणी तीस, काही ठिकाणी एकतीस. टाइपरायटरवर असाच अर्ज करायचे, आणि तिथे ते बरोबरही होतं, कारण तिथे प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं. संगणकावरच्या बहुतेक फॉन्टमध्ये तसं नसतं. त्रेचाळीस स्पेस एका फॉन्टमध्ये ओळीच्या मध्यावर येतात आणि दुसऱ्यात ओळ ओलांडतात.

आणि तो अर्ज ज्या फॉन्टमध्ये होता तो माझ्या संगणकावर नव्हता. फॉन्ट फाइलच्या आत मुद्दाम जोडला नसेल तर फाइलबरोबर प्रवास करत नाही, फाइलमध्ये फक्त त्याचं नाव असतं. समोरच्या संगणकाला तो सापडला नाही की तो जवळचा दुसरा कुठलातरी लावतो. खात्री करून घ्यावी म्हणून मी तोच अर्ज एका मैत्रिणीच्या संगणकावर उघडला. तिच्याकडे रीतसर विकत घेतलेलं वर्ड आहे, फक्त तो फॉन्ट नाही. तिथेही ‘जन्मतारीख’ खालीच घसरली. म्हणजे तुमच्या व्याख्येप्रमाणे वर्डही अयोग्यच.

फॉन्टच्या या घोळावर उपाय आहे, आणि तो लिबरऑफिसवाल्यांनी कधीचा केलेला आहे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या जागी कॅलेडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन मालिकेतले फॉन्ट. दिसायला थोडे वेगळे, पण प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली, त्यामुळे ओळ जिथे मोडायची तिथेच मोडते. लिबरऑफिसबरोबर ते आपोआप येतात. अशा नेहमीच्या फॉन्टमध्ये नीट बांधलेली फाइल माझ्याकडे आली तर ती सहसा पान न हलता उघडते. तुमचा अर्ज तसा नव्हता, इतकंच.

देवनागरीचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्या नवख्या माणसाचं डोकं तिथेच फिरतं. रायटरच्या स्टाइलमध्ये, म्हणजे मजकुराच्या रूपाच्या ठरवून ठेवलेल्या साच्यात, फॉन्टचे वेगवेगळे कप्पे असतात: एक लॅटिन लिप्यांसाठी, एक चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठी, आणि एक ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे देवनागरी, अरबी वगैरेंसाठी. पहिल्या कप्प्यात सोळाचा आकार दिला आणि मराठी मजकूर बाराचाच राहिला, तर लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. आकार चुकीच्या कप्प्यात दिलेला असतो. मीसुद्धा पहिल्यांदा यात अख्खी दुपार घालवली आहे. वर्डमध्येही ही विभागणी असते, फॉन्टच्या चौकटीत जरा आत जाऊन बघा.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. ‘तुमची ओडीटी फाइल आमच्याकडे उघडत नाही’ असं तुम्ही सांगता. ओडीटी म्हणजे रायटरचं स्वतःचं फॉरमॅट. मी प्रत्येकाला उलट एकच प्रश्न विचारते: उघडून बघितली का? वर्ड २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००९ पासून, वर्ड ओडीटी फाइल उघडतं आणि ओडीटीत सेव्हही करतं. एक्सेल ओडीएस, म्हणजे कॅल्कचं फॉरमॅट, उघडतं. गूगल डॉक्सही ओडीटी घेतं. इतकी वर्षं हे दार उघडं आहे आणि तुमच्या सूचनापत्रकात अजून त्यावर ‘बंद’ अशी पाटी आहे. एका संपादकांना मी हे फोनवर सांगितलं. दोन क्षण शांतता, मग माऊसचे दोन टिकटिक आवाज, मग ‘अरेच्चा.’ पुढच्या अंकाच्या आवाहनात ती ओळ नव्हती.

‘पण हे कुठलं फॉरमॅट म्हणायचं?’ असंही विचारलं जातं, जणू मी घरी बनवलेलं काही पाठवते आहे. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजेच ओडीएफ (ओडीटी आणि ओडीएस ही त्याचीच रूपं), हे २००५ साली ओएसिस या मानक ठरवणाऱ्या संघटनेने मंजूर केलं आणि २००६ साली आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, क्रमांक २६३००. डॉक्सएक्स म्हणजे वर्डचं हल्लीचं फॉरमॅट, त्यामागचं मानक आयएसओकडून मंजूर झालं २००८ साली, क्रमांक २९५००. त्याच्या दोन तऱ्हा आहेत, एक ‘स्ट्रिक्ट’ आणि एक ‘ट्रान्झिशनल’. दुसरीत जुन्या आवृत्त्यांच्या सवयी सांभाळून घेतलेल्या आहेत, आणि वर्ड एरवी सेव्ह करतं ती हीच दुसरी. म्हणजे ‘वर्ड फाइल’ म्हणून तुम्ही जी मागता ती तुम्हाला वाटते तितकी एकसंध वस्तू नाही.

ओडीटी आतून कशी असते ते एकदा बघण्यासारखं आहे. फाइलची एक प्रत काढा, नावाच्या शेवटचं ओडीटी खोडून झिप लिहा आणि ती सोडवा. आत एक फोल्डर चित्रांचं, एक फाइल स्टाइल्सची, एक फाइल माहितीची (कुणी लिहिली, कधी लिहिली) आणि एक कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल. ही शेवटची साध्या नोटपॅडमध्ये उघडा. खुणांच्या जंगलात तुमची वाक्यं सरळ वाचता येतात. मला याचा उपयोग एकदाच झाला, पण तो जन्मभर पुरेल. पेन ड्राइव्ह घाईत ओढून काढला आणि दीडशे पानांचं भाषांतर उघडेना. झिप करून सोडवली तर तीन चित्रं गेलेली होती, पण कंटेंटची फाइल शाबूत होती. मजकूर पूर्ण मिळाला. स्टाइल्स परत लावायला एक दिवस गेला, पण एक दिवसच. न्यायाने सांगायचं तर डॉक्सएक्सही आतून झिपच असते. तिथेही हा उपाय करून बघावा.

तुमच्यापैकी काहींच्या मनात लिबरऑफिस म्हणजे ‘फुकटचं’, म्हणजे कुणीतरी हौसेने केलेलं, असं आहे. त्याचा उगम १९८५ सालच्या जर्मनीतल्या एका लेखन-प्रोग्रॅममध्ये आहे, स्टाररायटर. तो बनवणारी कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने घेतली, २००० साली त्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला केला आणि त्याचं ओपनऑफिस झालं. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. पुढे काय होणार याची काळजी लागलेल्या मंडळींनी त्याच वर्षी सप्टेंबरात द डॉक्युमेंट फाउंडेशन उभं करून वेगळी वाट धरली, तेच लिबरऑफिस. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते. जाता जाता, कुणी ‘आम्ही ते मोफतवालं वापरून बघितलं, जमलं नाही’ म्हणालं की मी विचारते, नेमकं कुठलं? बऱ्याचदा उत्तर येतं ओपनऑफिस. ते नाव अजून जिवंत आहे, पण त्याची ४.१ ही शेवटची मोठी आवृत्ती २०१४ सालची. त्यानंतर आल्या त्या किरकोळ दुरुस्त्या. तेवढ्या जुन्या माळ्यावरचा पंखा काढून लावायचा आणि वारा येत नाही म्हणायचं, असं झालं.

आता जे जमत नाही तेही सांगते, नाहीतर हे पत्र जाहिरात होईल. एक्सेलमध्ये कुणी मॅक्रोंचा, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, डोंगर उभा केला असेल तर कॅल्कमध्ये त्यातले काही चालतील, काही अडतील; पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्या माहिती गोळा करून साफ करणाऱ्या सोयीवर चालणारी कामं तिथे तशीच्या तशी होणार नाहीत. पॉवरपॉइंटमधली स्मार्टआर्ट (तयार साच्यातल्या आकृत्या) दिसते, पण तिथे होती तितक्या सोयीने बदलता येत नाही. चौघांनी एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहायचं असेल तर संगणकावरचं साधं लिबरऑफिस त्या कामाचं नाही. आणि दुरुस्त्यांची नोंद ठेवत, म्हणजे ट्रॅक चेंजेस लावून, दोघांमध्ये फाइल फिरवायची असेल आणि दुसरा माणूस वर्डवर असेल, तर मी स्वतःहून डॉक्सएक्स वापरते. ओडीटी वर्डमध्ये नेऊन त्यात दुरुस्त्या फिरवायच्या भानगडीत मी पडत नाही. अशा वेळी तुम्ही डॉक्सएक्स मागितलं तर माझी काही तक्रार नाही. कारण आहे, आणि ते सांगता येतं.

तक्रार आहे ती कारण नसताना मागता त्याची. चार पानी अर्ज तुम्ही फक्त वाचणार असता. त्यात बदल तर तुम्ही करूच नयेत. मग पीडीएफ का नको? पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधता येतात, ओळ हलत नाही, सही जिथे आहे तिथेच राहते. ‘मजकूर कॉपी करावा लागतो’ म्हणाल, तर लिबरऑफिसमध्ये पीडीएफ करताना ‘हायब्रिड’ असा एक पर्याय आहे. त्यात पीडीएफच्या पोटात मूळ ओडीएफ फाइल ठेवता येते. वाचणाऱ्याला पीडीएफ दिसते, लिबरऑफिसमध्ये उघडलं तर पूर्ण फाइल बदलायला मिळते. हा पर्याय मला कित्येक वर्षं माहीत नव्हता. कळल्यावर एवढा आनंद झाला की आठवडाभर बिलंसुद्धा हायब्रिड पाठवली.

तीच गोष्ट याद्यांची. नाव, फोन, पिनकोड अशा तीन रकान्यांसाठी एक्सेल फाइलच हवी म्हणता. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, पुरते. कॅल्कमध्ये सीएसव्ही उघडली की ते आधी एक चौकट दाखवतं: अक्षरसंच कुठला, रकाने कशाने वेगळे केले आहेत, कुठला रकाना मजकूर समजायचा. अक्षरसंच म्हणून यूटीएफ-८ निवडा, फोनचा रकाना मजकूर म्हणून ठेवा. देवनागरीची प्रश्नचिन्हं होत नाहीत आणि सुरुवातीचं शून्य गळत नाही. एक्सेलच्या तक्त्याने परस्पर काय काय करून ठेवलंय याची एक गंमत सांगते. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी नावं असलेली मानवी जनुकं तक्त्यात टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या. शास्त्रज्ञ इतके कंटाळले की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलून टाकली. सॉफ्टवेअरपुढे माणसाने किती नमतं घ्यावं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. तुमची ती सूचनेची ओळ त्याच जातीतली, जरा धाकटी.

मोठ्या संस्थांचं काय, असं तुमच्यातला हिशेबी माणूस विचारेल आणि लगेच म्युनिकचं नाव घेईल. घ्या. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरकडे जायचं ठरवलं, सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत फिरायचा ठराव केला. हे खरं आहे. त्यात राजकारण किती आणि तंत्र किती यावर लोक अजून भांडतात. माझं मत विचाराल तर, एखाद्या कार्यालयाने आपलं सॉफ्टवेअर बदलूनही बाहेरून येणारी प्रत्येक फाइल ‘फक्त वर्डमध्ये’च असेल, तर त्या कार्यालयातल्या कारकुनाचं रोजचं काम म्हणजे माझी ती ‘जन्मतारीख’ वर ढकलणं. असं कोण किती दिवस करेल? दुसरीकडे, ब्रिटनच्या सरकारने २०१४ साली ठरवलं की एकत्र मिळून लिहायच्या सरकारी दस्तऐवजांसाठी ओडीएफ आणि नुसत्या वाचायच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ किंवा एचटीएमएल. म्हणजे त्यांनी आधी फॉरमॅट ठरवलं, सॉफ्टवेअर ज्याने त्याने निवडावं. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले तीस हजार संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला.

आणखी एक, जे कुणी कागदावर लिहीत नाही. ‘फक्त वर्ड’ ही अट तुम्ही ज्यांना घालता त्यांतल्या अनेकांकडे वर्ड विकत घ्यायला किंवा त्याची वर्गणी भरायला पैसे नसतात. मग ते काय करतात हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. क्रॅक केलेली प्रत मिळवतात, आणि तिच्याबरोबर आलेला व्हायरस ईमेलला जोडून तुमच्याच पत्त्यावर पाठवतात. किंवा वर्गणी संपलेलं वर्ड असतं, ज्यात फाइल वाचता येते पण एक अक्षर बदलता येत नाही, आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री ते लक्षात येतं. अर्ज मागवताना माणसाची पात्रता तपासावी. त्याच्याकडे कुठल्या कंपनीचं लायसन्स आहे हा पात्रतेचा भाग आहे असं कुठल्याच जाहिरातीत मी वाचलेलं नाही.

तेव्हा विनंती अशी. ती ओळ काढा आणि तिच्या जागी लिहा: ‘फाइल पीडीएफ, ओडीटी किंवा डॉक्सएक्समध्ये पाठवावी.’ जिथे दुरुस्त्या फिरवायच्या आहेत तिथे तसं कारण लिहा आणि डॉक्सएक्स मागा, आम्ही देऊ. अर्ज बनवणाऱ्या माणसाला एक तास द्या आणि सांगा की स्पेस मारून रकाने पाडायचे नाहीत, टेबल घालायचं आणि त्याच्या रेघा लपवायच्या. पुढच्या पानावर जायला कंट्रोल-एंटर असतं. ठळक मोठी अक्षरं म्हणजे शीर्षक नव्हे, त्याला हेडिंगची स्टाइल लावायची. यातलं काहीही लिबरऑफिससाठी म्हणून करायचं नाही. वर्डमध्येही ते असंच करायचं असतं. आणि पाठवण्यापूर्वी ती फाइल एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. कार्यालयातला नको, तिथे सगळीकडे तेच फॉन्ट असतात.

ज्या अर्जावरून हे सगळं सुरू झालं तो मी परवा नव्याने मांडला आहे. मजकुराला हात लावलेला नाही, फक्त त्रेचाळीस स्पेसच्या जागी टेबल आणि अकरा एंटरच्या जागी पान तोडणारी एक खूण. रायटरमध्ये आणि मैत्रिणीच्या वर्डमध्ये, दोन्हीकडे चारच पानं भरतात. संबंधित संस्थेला ओडीटी आणि डॉक्सएक्स अशा दोन्ही प्रती वेगळ्या मेलने पाठवल्या आहेत. इतर कुणाला नमुना म्हणून हवा असेल तर मागून घ्यावा, संस्थेचं नाव काढून पाठवेन.

कळावे,
आपली,
एक अर्जदार (फाइल उघडत नसल्यास कृपया आधी डबल क्लिक करून बघावे)